पहचान कार्डाचा अर्ज भरायला बसण्याआधी

मी सावंतवाडीच्या चितार आळीत गंजिफा रंगवते, म्हणजे दशावताराची चित्रं असलेले खेळायचे गोल पत्ते. आळीतल्या बायकांचे पहचान कार्डाचे, म्हणजे हस्तकारागिरांच्या सरकारी ओळखपत्राचे, अर्ज आमच्याच ओटीवर भरले जातात, त्यामुळे कुठे घोडं अडतं ते आता पाठ झालंय.

हे कार्ड देतं केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयातलं विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालय. अर्जाला पैसे पडत नाहीत. ‘पाचशे द्या, करून देतो’ म्हणणारा आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. तुम्ही मागावर बसत असाल, म्हणजे पैठणीवाले वगैरे, तर तुमचं कार्यालय हातमागाचं, ते वेगळं. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेली विश्वकर्मा योजनाही वेगळीच. तिथे 18 व्यवसाय आहेत आणि घरातल्या एकालाच नाव घालता येतं. पारंपरिक खेळणी करणारे त्यात बसतात.

कागद थोडेच लागतात: आधार, त्याला जोडलेला मोबाइल, पासबुक, फोटो. पण नाव अक्षरन् अक्षर जुळायला हवं. माझं आधार सासरच्या नावाचं आणि पासबुक माहेरच्या. तीन महिने त्यातच गेले. आधी बँकेत जा, मग अर्ज. कलेचं नाव निवडताना पडद्यासमोर स्वतः बसा. आमच्या शेजारणीचा अर्ज एका कॅफेतल्या पोराने भरला आणि लाखकाम करणाऱ्या बाईला विणकामात टाकून मोकळा झाला.

मग पडताळणी. अधिकारी घरी येतात नाहीतर शिबिरात बोलावतात आणि हाताने काम करून दाखवायला सांगतात. इथे लोक काय करतात, तर सगळ्यात देखणा तयार नग नेतात. तसं करू नका, अर्धवट काम न्या. मी तीन चकत्या नेल्या होत्या: एक चिंचोक्याची खळ लावून घोटलेली कोरी, दुसरी नुसती रेघ मारलेली, तिसऱ्या चकतीवर मत्स्य पुरा रंगवलेला. साहेबांनी दुसरी माझ्यासमोर सरकवली, ‘हिला रंग भरा.’ पहिली रेघ जरा थरथरली, पण दोन बोटांत ब्रश कसा धरलाय तेवढं बघून त्यांचं समाधान झालं.

कार्ड आलं की ते कपाटात ठेवून देऊ नका. गांधी शिल्प बाजारासारख्या मेळ्यांच्या जाहिराती निघतात, तिथे अर्ज टाका. याच कार्यालयाच्या डिझाइनच्या कार्यशाळाही होतात. शहरातून आलेली डिझायनर मुलगी पत्ते चौकोनी करूया म्हणाली, तेव्हा मी हात जोडले. आमची गंजिफा गोलच. पण तोच दशावतार चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकतीवर घ्यायची तिची कल्पना मी उचलली, आणि मेळ्यात आजही तेच आधी खपतं. 120 पत्त्यांचा पुरा संच लोक हातात घेतात, किंमत विचारतात, हळूच परत ठेवतात. त्यांना पेटीचं सरकतं झाकण उघडू द्या, दहा अवतार मोजू द्या. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी त्यातलंच कुणीतरी परत येतं.

यूपीआयचा कोड मात्र मोठा छापून न्या आणि पुठ्ठ्यावर चिकटवा. पंख्याच्या वाऱ्याने माझा उडून शेजारच्याच्या स्टॉलवर गेला होता.