जुनी शिडाची होडी: आधी डोलकाठीच्या तारा पाहा

जुनी होडी घेतली की लोक आधी जीपीएस आणि नवी शिडं बघतात. माझं म्हणणं, पहिला खर्च डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारांवर करा. स्टेनलेस स्टीलची ही तार बहुधा 19 पदरांची असते, आणि ती मध्यावर क्वचितच तुटते. खारं पाणी ओघळून तारेच्या खालच्या टोकावर दाबून बसवलेल्या धातूच्या नळीत मुरतं, आणि नळीच्या तोंडाशीच पदर तुटतात.

पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढलेली असते, तेव्हा तारेवरून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला की पदर तुटलाय. उघडा हात फिरवू नका, तुटलेलं टोक गळासारखं बोटात घुसतं. नळी भिंगातून पाहा: उभी बारीक चीर किंवा गंजाचा तपकिरी ओघळ दिसला तर तार बदला, आणि समोरच्या बाजूची जोडीदार तारही. दिसायला ठीक असली तरी 10 ते 15 वर्षांनी तारा बदलतातच.

तारा ज्या पट्ट्यांना बांधतात, त्या डेकमधून आत जातात तिथला भाग सगळ्यात फसवा. ओल साचते, हवा लागत नाही, आणि स्टेनलेस आतून कुरतडलं जातं. वरून चकचकीत! निदान एक पट्टी काढून बघाच.

बदलताना जाड तार घ्यायचा मोह होतो. नको. उंचावर वजन वाढलं की होडी जास्त कलते. तारांचे जोड सुटू नयेत म्हणून टोकं वाकवून बसवायच्या छोट्या पिना मात्र दरवेळी नव्या.