युरोपची दुसरी वारी : शहरं निवडताना या चुका टाळा

युरोप एकदा बघून आलेल्या माणसाची दुसऱ्या वेळची यादी बहुतेक एकाच पद्धतीने तयार होते. बघितलेली शहरं खोडायची, राहिलेली लिहायची. पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, ल्युसर्न, व्हेनिस, रोम झालं. मग आता प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, बार्सिलोना, लिस्बन, अथेन्स, आणि जमलंच तर कोपनहेगन. बेळगावात, खानापुरात, निपाणीत ओळखीची माणसं अशी यादी पुढे करतात तेव्हा मी ती आधी बाजूला ठेवायला सांगते. पहिल्या वेळी बस, फोटो, पुन्हा बस असं झालं म्हणून मन भरलं नव्हतं. ही यादी तेच दुसऱ्यांदा घडवून आणते, फक्त गावांची नावं बदलतात.

राहिलेली शहरं हीच हवी असलेली शहरं, असं धरून चालणं

आधी स्वतःला विचारा, पहिल्या टूरमध्ये पाय कुठून निघत नव्हता? आपल्याकडच्या ग्रुप टूरमध्ये फ्लॉरेन्सला दोन-तीन तास मिळतात, कथेड्रल बाहेरून दाखवतात आणि उफिझी कलादालनाच्या दारावरून पुढे नेतात. व्हेनिसला मुक्काम जुन्या शहराबाहेर, मेस्त्रेत असतो. म्हणजे संध्याकाळी गर्दी ओसरून गल्ल्या मोकळ्या होतात, नेमकं तेव्हा तुम्ही हॉटेलात असता. कोलोसियम बाहेरून, लूव्रचा काचेचा पिरॅमिड बाहेरून. यातलं काही मनात सलत असेल तर तिथेच पुन्हा जा. ‘पॅरिस तर झालंय की तुमचं’ असं नातेवाईक म्हणतील, म्हणू देत. एप्रिल २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ पर्यंत नोत्र दाम बंद होतं. त्या काळात गेलेल्यांनी ते आतून पाहिलेलंच नाही. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री ९ पर्यंत उघडं असतं. ग्रुपबरोबर गेलेल्याला ती संध्याकाळ मिळतच नाही.

दुसरा रस्ता मला याहून आवडतो : आपल्या कामाचा किंवा आपल्या मातीचा एखादा धागा धरून शहर निवडायचं. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री चालवणाऱ्या माणसाने व्हिएन्नाचे राजवाडे बघावेत, जरूर बघावेत. पण जर्मनीत एसेनमधली त्सोलफेराइन ही कोळशाची खाण आणि सारब्रुकेनजवळच्या फ्योल्कलिंगेनचा लोखंडाचा कारखाना त्याला जसा समजेल तसा दुसऱ्या कुणाला समजणार नाही. दोन्ही १९८६ मध्ये बंद पडले आणि आज दोन्ही जागतिक वारसास्थळं आहेत. फ्योल्कलिंगेनला झोतभट्ट्यांच्या मधून फिरता येतं, भट्टीत माल टाकायच्या (चार्जिंगच्या) पातळीपर्यंत वर चढता येतं. आयुष्यभर वितळलेलं लोखंड बघितलेला माणूस तिथे अर्धा दिवस सहज घालवेल.

निपाणीच्या माणसाला मी स्पेनमधल्या सेव्हिलचं नाव सुचवते. तिथला अठराव्या शतकातला शाही तंबाखू कारखाना आज विद्यापीठाची इमारत आहे, आणि एकोणिसाव्या शतकात तिथे हजारो बायका सिगार वळायच्या. ज्या घरात आई-आजीने विड्या वळल्या आहेत, त्या घरातल्या माणसाला त्या दगडी चौकात उभं राहून काय वाटेल हे मी वेगळं सांगायला नको.

आणि लिस्बन. गोवा आपल्या उशाला. शाळेच्या सहलीत जुन्या गोव्याची चर्च आपण सगळ्यांनी बघितली आहेत. १९६१ पर्यंत तिथे ज्यांचं राज्य होतं त्यांची राजधानी बघायची तर बेलेंच्या जेरोनिमोस मठात जा. आत शिरताच वास्को द गामाची दगडी समाधी आहे. तिथून रेल्वेने साधारण तीन तासांवर पोर्तो. तिथल्या साओ बेंतो स्टेशनाच्या भिंती निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवल्या आहेत, गाडी पकडायला आलेली माणसंसुद्धा मान वर करून बघत थांबतात. ही दोन शहरं मिळून आठ रात्री आरामात भरतात.

शहरं मोजणं, रात्री न मोजणं

‘बारा दिवसांत सहा शहरं’ हे कागदावर बसतं. प्रत्यक्षात शहर बदलण्याचा दिवस कसा जातो ते बघा. प्राग ते व्हिएन्ना गाडीला चार तास लागतात, म्हणून लोक ‘चार तास’ धरतात. पण सकाळी बॅगा भरायच्या, अकराच्या आत खोली सोडायची, ट्रॅमने मुख्य स्टेशन गाठायचं, फलाटाचा नंबर बोर्डावर लागेपर्यंत खाली हॉलमध्ये उभं राहायचं. मग गाडी, मग मेट्रो, मग हॉटेल. तोंडावर पाणी मारून बाहेर पडता तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असतात आणि राजवाड्याची दारं बंद व्हायला आलेली असतात. असं पाच वेळा केलं की पाच दिवस गेले.

बारा रात्रींना तीन शहरं, फार तर चार. माझं गणित एवढंच. एका शहरात तीन रात्रींपेक्षा कमी राहणार असाल तर ते शहर यादीतून काढा, किंवा शेजारच्या शहरातून एका दिवसात करून या. ब्रातिस्लाव्हा व्हिएन्नाहून तासाभरावर आहे, त्यासाठी हॉटेल बदलायची गरज नाही.

स्वस्त विमानाच्या मोहाने लांबची शहरं जोडणं हीसुद्धा याच चुकीची पाठची बहीण. पॅरिसच्या नावाने विकलं जाणारं बोव्हेचं विमानतळ शहरापासून ८० किलोमीटरच्या वर आहे. बसभाडं आणि बॅगेचे पैसे मिळवले की रेल्वेच बरी पडते.

जिथे उतरलो तिथूनच परतायचं

प्रागला उतरून बुडापेस्टहून परतता येतं. तिकीट शोधताना ‘राउंड ट्रिप’ऐवजी ‘मल्टी-सिटी’ निवडायचं, बस्स. भाडं बहुतेक वेळा थोडंच इकडे-तिकडे होतं आणि मागे फिरण्यात जाणारा अख्खा दिवस वाचतो. प्राग–व्हिएन्ना–बुडापेस्ट ही ओळ यासाठी उत्तम : व्हिएन्नाहून बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत.

आपल्या टोकाचंही बघा. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबईचं तिकीट वेगळं काढलं आणि पावसाने ते विमान रखडलं, तर पुढच्या विमान कंपनीवर काही जबाबदारी येत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तरी आदल्या दिवशीच मुंबई किंवा बेंगळूरु गाठा.

मोठ्या नावाच्या शहरातच मुक्काम

इटली दुसऱ्यांदा करणाऱ्यांना माझा आग्रहाचा सल्ला : बोलोन्यात पाच-सहा रात्री राहा. वेगवान गाडीने फ्लॉरेन्स ३५-४० मिनिटांवर, व्हेरोना तासाभरावर, मोदेना त्याहूनही जवळ, राव्हेन्ना तासा-सव्वातासावर. राव्हेन्नाचं सान व्हिताले ५४७ मध्ये पूर्ण झालं. त्याच्या छतावरचे मोझेइक इतके टवटवीत आहेत की दीड हजार वर्षं झाली हे पटत नाही. बोलोन्या स्वतः विद्यापीठाचं गाव, परंपरेने १०८८ पासूनचं. आणि तिथल्या छत असलेल्या लांबच लांब पादचारी ओवऱ्या! पाऊस कोसळत असताना छत्री न उघडता अख्खं जुनं शहर चालून होतं. आपल्या जुलैच्या पावसात गणपत गल्लीत खरेदी केलेल्या माणसाला याची किंमत लगेच कळते. खाणं मात्र तिथे मांसाहारी फार; शाकाहाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी.

तारखा न बघता शहर ठरवणं

आपल्या मुलांच्या शाळा कर्नाटक बोर्डाच्या असतील तर उन्हाळी सुट्टी साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मे अखेरपर्यंत असते. कोल्हापूर-पुण्याच्या नातेवाइकांना जूनचा पहिला पंधरवडा मिळतो, आपल्याला नाही. म्हणून त्यांचा कार्यक्रम जसाच्या तसा उचलू नका. मेमध्ये आल्प्सचे उंच घाटरस्ते बर्फामुळे पुष्कळदा बंदच असतात. स्वित्झर्लंडमधला फुर्का घाट जूनच्या सुमारास उघडतो. तेच एप्रिल-मेमध्ये सेव्हिल, कोर्दोबा, ग्रानादा सुरेख असतात. जुलैत मात्र सेव्हिलमध्ये पारा चाळिशी गाठतो, तेव्हा तिकडे फिरकू नका. ट्युलिपच्या बागा मेच्या मध्यापर्यंतच. १ मेला लूव्रसकट बरंच काही बंद असतं, तो दिवस प्रवासाला किंवा नुसतं भटकायला ठेवा.

आठवड्याचा वारही बघायचा. लूव्र मंगळवारी बंद, पॅरिसचंच ओर्से संग्रहालय आणि उफिझी सोमवारी बंद. रविवार-सोमवार फ्लॉरेन्सला घालवला की उफिझीसाठी एकच दिवस उरतो, आणि त्या दिवसाची तिकिटं संपली की विषय संपला. ग्रानादाचा अलहम्ब्रा राजवाडा आणि मिलानमधलं लिओनार्दोचं ‘शेवटचं भोजन’ हे भित्तिचित्र यांची वेळ ठरलेली तिकिटं आधीच संपतात. ज्या एका गोष्टीसाठी शहर निवडलं तिचं तिकीट मिळतंय ना, हे हॉटेलच्या आधी तपासा.

शहरात त्या आठवड्यात प्रदर्शन किंवा जत्रा आहे का, तेही बघा. फाउंड्रीवाल्यांना ड्युसेलडॉर्फचं जीफा हे ओतकामाचं प्रदर्शन माहीत आहे. चार वर्षांतून एकदा भरतं, पुढचं २०२७ मध्ये. त्या दिवसांत तिथल्या हॉटेलांचे दर ओळखू येत नाहीत. म्युनिकला सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत ऑक्टोबरफेस्ट असतो. दसऱ्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी ही तारीख नक्की ताडून घ्यावी.

व्हिसा शेवटी बघू

शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आता २९ देश आहेत. रुमानिया आणि बल्गेरिया २०२५ च्या सुरुवातीपासून पूर्णपणे आत आले. ब्रिटन आणि आयर्लंड बाहेर आहेत. मध्येच चार दिवस लंडन घातलं की वेगळा व्हिसा, वेगळे पैसे, आणि शेंगेनमध्ये परत शिरायला अनेक प्रवेशांचा व्हिसा लागतो. म्हणून दुसऱ्या वारीत लंडन घालायचंच असेल तर ते एका टोकाला ठेवा.

अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्या देशाकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिला प्रवेश, तिथे. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. आपण पुण्या-मुंबईच्या सवयीने तिकडे अपॉइंटमेंट शोधतो, पण आपला पत्ता कर्नाटकातला. जर्मनीसारखे देश कर्नाटकवासीयांचे अर्ज बेंगळूरुच्या वाणिज्य दूतावासामार्फत घेतात. ज्या देशाकडे अर्ज करायचा त्याचा नियम आधी वाचा, मग राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढा.

एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी वेगळी सवलत आहे : मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नियमाने वापरले असतील तर दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो, पासपोर्टची मुदत तेवढी असेल तर. त्यामुळे दुसऱ्या वारीतच सगळा युरोप उरकायची धडपड करायचं कारणच राहत नाही.

बरोबर कोण आहे, हे विसरणं

मुलगा म्युनिकला किंवा आइंडहोवनला, म्हणून आई-बाबा दुसऱ्यांदा निघालेत, हे आता टिळकवाडी-शहापुरात घरोघरी आहे. त्यांच्यासाठी शहर निवडताना गुडघे आधी बघा. लिस्बनचे चढ, व्हेनिसच्या पुलांवरून उचलायच्या बॅगा, प्रागचे दगडी रस्ते साठीनंतर जड जातात. व्हिएन्ना आणि कोपनहेगन तुलनेने सपाट, मेट्रो जवळ. मुलाचं घर हाच एक मुक्काम धरा आणि तिथून तीन-चार रात्रींची एकच मोठी चक्कर करा. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकानं बंद असतात. शनिवारीच दूध-भाजी आणून ठेवा. आणि मुलासाठी कुंदा नेऊ नका. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, जप्त होतात. शेंगदाण्याची चटणी न्या.

बुकिंग झाल्यावर चूक लक्षात आली तर

शहरं जास्त झाली असतील तर मधलं शहर काढा, टोकांची विमानं तशीच राहू देत. रद्द करता येणारी हॉटेलं आधी सोडा, त्या रात्री शेजारच्या शहराला जोडा. व्हिसाचा अर्ज गेल्यानंतर बदल करत असाल तर सर्वाधिक रात्रींचा देश बदलता कामा नये.

हव्या त्या देशाची अपॉइंटमेंट मिळत नसेल तर दुसऱ्या देशाचं खोटं बुकिंग दाखवून अर्ज करू नका. त्या दुसऱ्या देशात खरोखर जास्त रात्री राहायचं ठरवा. व्हिएन्नाला पाच आणि बुडापेस्टला चार ठरल्या असतील आणि ऑस्ट्रियाची तारीख मिळत नसेल, तर बुडापेस्टच्या पाच करा, व्हिएन्नाच्या चार, आणि अर्ज हंगेरीकडे. उफिझीचं किंवा अलहम्ब्राचं तिकीट मिळालं नाही तर शहरांचा क्रम उलटा करून बघा. तीन-चारच शहरं असली की हे दहा मिनिटांत जमतं.