जिऑलॉजी शिकलात आणि जंगलात काम करायचंय? नाशिकमधून सुरुवात कशी करायची

एमएस्सी जिऑलॉजी झालं की घरचे विचारतात, आता खाणीवर जाणार की बोअरवेलची पाणी तपासणी करणार. पण ज्याला अभयारण्यात नाहीतर नॅशनल पार्कात दगडांवर काम करायचंय, आलेल्या लोकांना डोंगर समजावून सांगायचाय, त्याला रस्ता कोणी सांगतच नाही. मी नाशिकच्या आसपास काही वर्षं हेच करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे वनखात्यात जिऑलॉजिस्टची जाहिरात निघेल म्हणून वाट बघत बसू नका. अमेरिकेत नॅशनल पार्क सर्व्हिसने १९९० च्या दशकातच भूवैज्ञानिकांना काही महिन्यांसाठी पार्कात बोलवायला सुरुवात केली, कोणी नकाशा करतो, कोणी फॉसिलच्या, म्हणजे जीवाश्मांच्या, नोंदी ठेवतो, कोणी पर्यटकांना माहिती सांगतो. आपल्याकडे अशी तयार व्यवस्था नाही, पण कामं तीच पडून आहेत. ती आपणच करून दाखवायची.

मग जागा निवडा, आणि एकच निवडा. नाशिक जिल्ह्यात नॅशनल पार्क नाही, राज्यातलं सगळ्यात जवळचं बोरिवलीचं. पण नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे, शेजारी अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, अंजनेरी आणि बोरगडचं राखीव क्षेत्र आहे. नांदूरला सगळे दुर्बीण घेऊन पक्षी बघायला येतात, २०२० मध्ये रामसरच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आल्यापासून तर जास्तच, पण इथे एवढे पक्षी का येतात हे दगड-मातीच्या बाजूने कोणी सांगत नाही. गोदावरी आणि कादवेचा संगम, तिथे इंग्रजांच्या काळातला बंधारा, वरून सह्याद्रीच्या काळ्या खडकाची झीज होऊन आलेला गाळ त्याच्यामागे वर्षानुवर्षं साचत गेला, म्हणून पाणी उथळ झालं, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी उतरायला लागले. एवढं सांगितलं तरी माणसं दुर्बीण खाली करून गाळाकडे बघतात, हे मी स्वतः पाहिलंय.

आता वीस मिनिटांचं बोलणं तयार करा, तीन थांब्यांचं. माझा सगळा जोर इथेच आहे, कारण बाकी कागदपत्रं कोणीही करेल. अंजनेरीला मी पहिल्या थांब्यावर फक्त डोंगराच्या पायऱ्या मोजायला लावतो. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर आले, त्याच्या ह्या पायऱ्या, आणि ह्या लाव्ह्याच्या खडकाला डेक्कन ट्रॅप म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्दसुद्धा पायरी अशाच अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. दुसऱ्या थांब्यावर भिंग हातात देतो आणि खडकातली भोकं दाखवतो, लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांची ती जागा, नंतर त्यात पांढरे स्फटिक भरले, झिओलाइट. तिसऱ्यावर दोन थरांमधली लाल पट्टी. एका लाव्ह्यानंतर बराच काळ गेला, वरचा खडक झिजून माती झाली, मग पुढचा गरम लाव्हा तिच्यावर पसरला. ही पट्टी चिकणमातीसारखी, पाणी खाली जाऊ देत नाही, त्यामुळे पाणी आडवं सरकतं आणि कड्याला झरा फुटतो. हे सांगत होतो तर वाडीतली एक आजी म्हणाली, "त्या तांबड्याच्या वरचाच झरा चैतापर्यंत टिकतो, खालचा नाय टिकत." आम्ही पुस्तकात वाचलेलं तिला हंड्यावरून माहीत होतं. त्या दिवसापासून मी गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय एकही थांबा ठरवत नाही.

परवानगी. अभयारण्यात अभ्यासासाठी जायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ खाली परवाना लागतो, नॅशनल पार्कालाही तसाच, आणि तो द्यायचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा. सुरुवात मात्र खालून करा, आधी त्या भागाच्या आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) साहेबांना भेटा, मग लेखी अर्ज. अर्जात तारखा, माणसं किती, कुठे थांबणार आणि खात्याला त्यातून काय मिळणार हे लिहा. माझा पहिला अर्ज एका ऑफिसातून परत आला कारण मी त्यात "भूगर्भीय सर्व्हे" लिहिलं होतं. त्यांना वाटलं खदानीसाठी आलोय, गावातही तीच कुजबुज सुरू झाली. ज्या भागात लोकांनी डोंगर फोडताना बघितलेत तिथे हा शब्द भीतीचाच आहे. तेव्हापासून "माहिती सत्र" लिहितो आणि ग्रामपंचायतीला आधी भेटतो.

हातोडा घरी ठेवा. भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे जंगलातला दगड आणि मातीसुद्धा वनोपज आहे, एक खडासुद्धा खिशात घालायचा नाही. नमुने हवे असतील तर शेतकऱ्याला विचारून विहिरीच्या खोदाईतले घ्या, आणि मुलांना स्फटिक दाखवायचे तर सिन्नरचं गारगोटी म्युझियम आहेच.

पैशाचं सांगतो. पहिला सीझन बहुतेक फुकटच जातो. नंतर शाळा, ट्रेकिंग ग्रुप बोलवतात. पण खरं टिकणारं काम म्हणजे स्थानिक गाइड पोरांना शिकवणं, कारण तुम्ही महिन्यातून एकदा जाणार, ते रोज तिथे असतात.

कायमची नोकरी हवी असेल तर यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा देऊन जीएसआयमध्ये (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) जा, लोणारसारखी राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकं हीच संस्था ठरवते. किंवा राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे. आणि एकदा दिंडोरी जिल्ह्यातलं घुघुवा बघून या, आपली नाशिकची दिंडोरी नव्हे, मध्य प्रदेशातली. तिथे झाडांच्या फॉसिलसाठी १९८३ मध्ये नॅशनल पार्क केलंय, आणि ती झाडं आपल्याच डेक्कन ट्रॅपच्या काळातली आहेत.

अर्ज गणपती झाले की लगेच टाका. परवानगी हातात येईपर्यंत पाऊस उघडलेला असतो, खडक धुऊन स्वच्छ असतो आणि लाल पट्टीवरचे झरे अजून वाहते असतात.