लहान पटाच्या शाळांना न्याय देणारी तालुका कुस्ती स्पर्धा

खाडीपलीकडच्या वाडीतल्या शाळेत आठवी ते दहावीचे मुलगे जेमतेम 40, तालुक्याच्या गावातल्या शाळेत 300. वैयक्तिक लढतीत फारसा फरक पडत नाही, वजनगट दोघांना समोरासमोर आणतो. अन्याय होतो तो सांघिक ढालीत. 10 वजनगटांपैकी लहान शाळा 4 भरते, बाकीच्या 6 गटांत मोठी शाळा गुण गोळा करते.

म्हणून ढालीसाठी प्रत्येक शाळेचे सर्वोत्तम 4 निकालच धरा. वॉकओव्हरला सांघिक गुण देऊ नका; लढत न होता मिळालेला गुण फक्त पट मोजतो. पटानुसार शाळांचे दोन गट पाडायचे तर शाळेचा एकूण पट घेऊ नका. त्या वयोगटातले मुलगे आणि मुली वेगवेगळे मोजा, नाहीतर पहिलीपासूनची शाळा उगाच मोठ्या गटात जाते. आकडा यू-डायसमधून, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीतून घ्या आणि प्रवेशिका मागवण्याआधीच जाहीर करा. एकाच शाळेचे दोन पैलवान ड्रॉच्या (लढतींच्या जोड्यांच्या तक्त्याच्या) वेगवेगळ्या अर्ध्यांत ठेवा.

वजनकाटा थेट जांभ्याच्या फरशीवर ठेवू नका. फरशी उंचसखल असली की पाय डुगडुगतात, आकडा हलतो. खाली जाड प्लायवूड घाला, पाणसळ लावा, 20 किलोच्या वजनाने तपासा. वजन घेतानाच पैलवानांची कातडीही बघा. आपल्या दमट हवेत नायटा पटकन पसरतो. गोल, खवलेदार कडेचा चट्टा दिसला तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय मॅटवर सोडू नका.