एसएमपीएस गेला म्हणण्याआधी जांभळ्या वायरीला विचारा

आमच्या चिपळूणच्या बाजारपेठेतल्या झेरॉक्सवाल्या काकींचा कॉम्प्युटर सकाळी चालू व्हायचा नाही. त्यावर त्यांनी स्वतःच तोडगा काढला होता. दुकान उघडलं की आधी भिंतीवरचं बटण टाकायचं, मग झाडलोट, मग उदबत्ती, आणि शेवटी कॅबिनेटचं बटण दाबायचं. तोवर मशीन 'तापतं' आणि मुकाट चालू होतं. चार महिने निभावलं. मग एक दिवस उदबत्ती विझून गेली तरी ते उठेना, तेव्हा कॅबिनेट माझ्या टेबलावर आलं. "भाचा म्हणतो मदरबोर्ड गेला. खरं सांग रे, किती खर्च?"

पहिली पाच मिनिटं एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, उघडायचा नाही. मॉनिटरची पॉवर कॉर्ड काढून कॅबिनेटला लावून बघा, मागचं छोटं बटण ऑन आहे ना ते बघा. कॅबिनेटच्या बटणाचाच भरवसा नसेल तर मदरबोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. बरीच 'मेलेली' मशीनं इथेच उठतात, आणि मग पैसे मागायची मलाच लाज वाटते.

पंखा एकदा हलून लगेच थांबत असेल तर एसएमपीएसला लगेच दोष देऊ नका. बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे म्हणून तो स्वतःला बंद करून घेतोय. ग्राफिक कार्ड, हार्ड डिस्क, यूएसबीची लटांबरं एकेक काढत जा.

आता मल्टिमीटर घ्या, २० व्होल्ट डीसीवर ठेवा. मेन सप्लाय चालू, मशीन बंद. काळा प्रोब कुठल्याही काळ्या वायरीत आणि लाल प्रोब एसएमपीएसमधून मदरबोर्डला जाणाऱ्या २४ पिनी कनेक्टरच्या मागच्या बाजूने जांभळ्या वायरीत. ही स्टँडबायची वायर. प्लग लावलेला असेपर्यंत तिथे ५ व्होल्ट असलेच पाहिजेत, कारण बटण दाबल्याचं बोर्डाला कळतं ते याच ५ व्होल्टच्या जोरावर. ४.७५ ते ५.२५ मध्ये असेल तर ठीक.

काकींच्या एसएमपीएसची गंमत इथेच होती. कनेक्टर मोकळा असताना मीटर ५.०४ दाखवत होता. बोर्डाला जोडला की ४.२. मोकळ्यावर मोजून 'सप्लाय ओके' म्हणणारे इथेच फसतात. मोजायचं ते जोडलेलं असताना.

जांभळी बरोबर असेल तर कनेक्टर बोर्डातून काढा आणि हिरवी वायर (चालू हो असा इशारा देणारी) शेजारच्या काळीला वायरीच्या तुकड्याने जोडा. लोड म्हणून एखादी जुनी हार्ड डिस्क लावून ठेवा. पंखा फिरला की पिवळ्यावर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ मिळालं पाहिजे. करड्या वायरीवर ५ च्या आसपास आलं म्हणजे एसएमपीएस स्वतःच 'मी तयार आहे' म्हणतोय. सगळ्या वायरी काळ्या असतील, किंवा ब्रँडेड ऑफिस मशीनचा वेगळाच छोटा कनेक्टर असेल, तर अंदाजाने पिना जोडू नका. त्या मॉडेलचा पिनचा नकाशा मिळवा.

आता एसएमपीएस उघडण्याबद्दल. आत वीज साठवणारे दोन मोठे कॅपॅसिटर असतात, नव्या मॉडेलमध्ये बहुधा एकच जाडजूड. २३० व्होल्ट एसी डीसी झाला की तिथे ३२५ च्या आसपास जातो, नव्यांत त्याहूनही वर, आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ तिथेच बसून राहतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून 'डिस्चार्ज' करणारे कारागीर मी पाहिलेत. त्यांच्या स्क्रूड्रायव्हरची टोकंही पाहिलीत. मी २.२ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर जाड इन्सुलेशनच्या वायरींना सोल्डर करून ठेवलाय. तो दोन्ही पायांवर दहा-पंधरा सेकंद धरतो, मग मीटरने बघतो, ५ व्होल्टच्या खाली गेलं की मगच हात. मीटर ६०० व्होल्ट डीसी रेंजवर ठेवायला विसरू नका. हे वाचूनच पोटात गोळा आला असेल तर झाकण लावून टाका, यात कमीपणा काही नाही.

उघडल्यावर आधी फ्यूज बघा. काच काळी झाली असेल तर नुसता फ्यूज बदलू नका. एसीचा डीसी करणारा ब्रिज डायोड किंवा हीटसिंकवरचे ट्रान्झिस्टर बहुधा शॉर्ट झालेले असतात, मीटरचा बीप लगेच सांगतो. आमच्याकडे पावसाळ्यात आणखी एक कारण असतं: उबेला येऊन बसलेली पाल. वास ओळखू येतो. फ्यूजच्या जागी तांब्याची तार कधीच नाही.

फ्यूज शाबूत असेल तर कॅपॅसिटर. काकींच्यात स्टँडबायच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरशेजारी, तापणाऱ्या रेझिस्टरला अगदी खेटून, १००० मायक्रोफॅरड १० व्होल्टचा एक होता. डोकं किंचित फुगलेलं, बोट फिरवलं तरच कळेल इतकं. थंड असताना असला म्हातारा कॅपॅसिटर काम करत नाही, थोडा ऊबदार झाला की करतो. उदबत्तीचं रहस्य एवढंच.

बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ डिग्रीचा आणि लो ईएसआर, म्हणजे आतला रोध कमी असलेला. पट्टी असलेला पाय मायनस. उलटा लावलात तर फुटेल, आणि तोंडाजवळ फुटेल. त्या भागातले शेजारचे दोन-तीनही मी सोबतच बदलतो, एकाच उष्णतेत वाढलेली भावंडं ती. पंखा अडकत असेल तर स्टिकर काढून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब.

पहिल्यांदा चालू करताना झाकण लावून आणि १०० वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बच्या सिरीजमधून. बल्ब भपकन पेटून मंदावला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, पण भिंत, एमसीबी आणि तुम्ही सुखरूप. एसएमपीएस ठीक निघाला की थेट सप्लायवर हिरवी-काळी जोडून परत सगळे व्होल्ट मोजा.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, अशी तक्रार घेऊन बरेच जण एसएमपीएस बदलायला येतात. त्यात बहुधा एसएमपीएसचा दोष नसतो, घरच्या सॉकेटला अर्थिंग नसतं. वायरमन बोलवा.

आणि पुराच्या पाण्यात बुडालेला एसएमपीएस मी घेत नाही. जुलै २०२१ नंतर पोतं भरून आले होते. धुऊन, वाळवून दोन चालू केले. दोन्ही महिन्याभरात परत आले, त्यातला एक जळून काळ्या झालेल्या प्लगसकट.

काकींना नव्वद रुपये सांगितले. "एवढेच? मग मदरबोर्डाचं काय?"