बाळंतपणानंतर वजन एकाच आकड्यावर अडकलंय? या चुका टाळा

बाळ झाल्यावर सुरुवातीला वजन भराभर उतरतं. बाळ, वार आणि गर्भजल यांचं वजन प्रसूतीतच जातं, अंगात साठलेलं पाणी पुढच्या काही दिवसांत निघून जातं, गर्भाशय साधारण सहा आठवड्यांत आकसतं. या सगळ्यात चरबी फारशी नसतेच. म्हणून चौथ्या-पाचव्या महिन्यात काटा थांबला की आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटायला लागतं. मलाही वाटलं होतं, आणि मी लगेच रात्रीचं जेवण बंद केलं.

जेवण आणखी कमी करणं

सगळ्यात मोठी चूक हीच. अंगावर पाजणाऱ्या आईच्या शरीराला दूध तयार करायला दिवसाला साधारण ४०० ते ५०० कॅलरी लागतात. आहार फार कापला तर दूध कमी होऊ शकतं, आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात. स्नायू झिजले की शरीर बसल्याजागी जेवढी ऊर्जा खर्च करतं तीही घटते. शिवाय दिवसभर मारलेली भूक रात्री बाळाला पाजून झाल्यावर उसळून वर येते. तेव्हा हाताला लागेल ते पोटात जातं. माझं अगदी असंच व्हायचं. त्यापेक्षा तिन्ही वेळा नीट जेवा आणि प्रत्येक जेवणात कडधान्यं, अंडी, दूध असं काहीतरी प्रथिनांचं घ्या. पाजत असताना आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी भरपूर झालं.

पाजणं कमी झालं, ताट तेवढंच

सहा महिन्यांनंतर बाळ वरचं खाऊ लागतं, दूध कमी लागतं आणि तुमचा ऊर्जेचा खर्चही घटतो. भूक मात्र सवयीने तशीच राहते. त्यात वजन उतरलेल्या शरीराला आधीपेक्षा कमी अन्न पुरतं. इथे मात्र ताट थोडं लहान करावंच लागतं. बाळाच्या वाटीत उरलेले घास 'वाया कशाला' म्हणून आपण संपवतो, तेही मोजा.

रोज काट्यावर उभं राहणं

पाळी पुन्हा सुरू झाली की त्या दिवसांत अंगात पाणी धरतं. नवीन व्यायामानेही काही दिवस तसंच होतं. आठवड्यातून एकदाच, सकाळी उठल्यावर वजन करा, सोबत कंबरेचा घेर मोजा. चार आठवडे दोन्ही आकडे जागचे हलले नाहीत, तरच वजन अडकलं म्हणायचं.

पोट उतरवायला थेट पोटाचे व्यायाम

गरोदरपणात पोटाचे स्नायू मधोमध फाकतात, काही जणींचे नंतरही तसेच राहतात. अशा वेळी पाठीवर झोपून वर उठण्याचे व्यायाम (सिट-अप्स) केले तर पोट आणखी पुढे येऊ शकतं. आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या, सिझेरियन झालं असेल तर नक्कीच. नुसतं चालून भागत नसेल तर आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताकद देणारे व्यायाम जोडा.

झोपेबद्दल 'बाळ झोपलं की तुम्हीही झोपा' असं सांगणं सोपं आहे. पण जागरणाने भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं, हे घरातल्यांना स्पष्ट सांगा आणि रात्री बाळाला सांभाळण्याची एक वेळ दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला लावा.

सगळा दोष स्वतःवर घेणं

बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काही जणींच्या थायरॉईडला सूज येते. काहींना आधी धडधड, चिडचिड होते. मग चौथ्या ते आठव्या महिन्याच्या सुमारास थायरॉईड मंदावू शकतो. थकवा, थंडी वाजणं, बद्धकोष्ठता, उदास वाटणं, आणि वजन न हलणं. हे सगळं 'आईपणाचा थकवा' म्हणून सहज दुर्लक्षिलं जातं. रक्त कमी असलं तरी असाच शीण येतो. गर्भनिरोधक इंजेक्शन किंवा एखादं औषध सुरू झाल्यापासून वजन वाढलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. स्वतःहून बंद करू नका. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन दोन्ही एकदाच रक्त देऊन तपासता येतात. बाळाच्या पुढच्या लसीला जाल, त्याच दिवशी स्वतःचीही तपासणी उरकून घ्या.