जर्सीला निघालेल्या पोरांनो, उभी गाडी बंद करा

संक्रांतीला गावी आलो की तालुक्यातली दोन-चार पोरं ओट्यावर येऊन बसतातच. "काका, आता जर्सीले जाऊन राह्यलो, काही सांगा ना." यंदा तिघं अमेरिकेत न्यू जर्सीला निघालेत. दरवर्षी तेच ते बोलून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

बँक, फोन, किराणा दोन दिवसांत मार्गी लागतं. ज्वारीचं पीठ तिथल्या एडिसन गावात मिळतं, सरगुंडे-कुरडया इथूनच न्या. आता जे तिथली आपली जुनी मंडळी कधीच सांगत नाहीत ते ऐका: उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवू नका.

आपल्याला उभी गाडी बंद करायची सवयच नाही. हे लिहितोय तेव्हा समोर जिनिंगच्या रांगेत कापसाच्या ट्रॉल्या सकाळपासून उभ्या आहेत आणि निम्मे ट्रॅक्टर धडधडतायत. एकाला विचारलं तर म्हणाला, "बंद नको करू म्हनते बावा, मंग धक्का माराले कोन येते?" बॅटरी उतरलेली, सेल्फ घेत नाही, तेव्हा त्याचं चुकत नाही. पण हे शहाणपण नागपूरच्या विमानतळावरच सोडून जा.

न्यू जर्सीत मर्यादा तीन मिनिटांची, पेट्रोल असो की डिझेल. ट्रॅफिकमध्ये अडकलात तर गोष्ट वेगळी. डिझेल गाडी तीन तासांहून जास्त बंद होती आणि थंडी पंचवीस फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या उणे चारच्या, खाली गेली तर पंधरा मिनिटांची सूट आहे. दंड गाडीवाल्यालाच होतो असं नाही, ज्याच्या जागेत गाडी उभी त्यालाही होऊ शकतो. म्हणून गोदामवाला काचेवर टकटक करतो. आपली मंडळी लगेच "हा आपल्याला पाण्यात पाहतो" म्हणून मोकळी होतात. तसं काही नसतं, त्याला स्वतःचा खिसा दिसत असतो.

नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलात की मोठ्या डिझेल गाड्यांना तासाभरात पाच मिनिटं. मॅसॅच्युसेट्स राज्यातही पाच.

माझं नुकसान झालं ते न्यूयॉर्क शहरात. तेव्हा संध्याकाळी मी डबे पोचवायचो, व्हॅन माझ्याच नावावर. तिथेही नियम तीन मिनिटांचाच, पण शाळेला लागून उभे असाल तर एकच मिनिट. फेब्रुवारीचा महिना, बोटं आखडलेली. हीटर चालू ठेवून वर डबा द्यायला गेलो. खाली आलो तर एक सायकलवाला फोन धरून उभा. मला वाटलं, इमारतीचा फोटो काढतोय. हसून हातही केला त्याला!

त्या शहरात ट्रक, व्हॅन, बस अशा धंद्याच्या गाड्यांचा व्हिडिओ काढून कोणीही तक्रार करू शकतो, आणि दंड वसूल झाला की त्यातले पंचवीस टक्के तक्रारदाराला मिळतात. पहिला दंड ३५० डॉलर धरला तर त्याचे साडेसत्त्याऐंशी. काही लोक नेमाने हेच करतात. तोंडावर कोणी बोलणार नाही, "थँक यू" म्हणून निघून जाईल, असा तो देश आहे. स्वतः मात्र कॉफीच्या रांगेत गाडी चालू ठेवून वीस मिनिटं बसतील.

दंडाचं पत्र दोन-अडीच महिन्यांनी आलं. ओळखीच्या एका शहाण्याने सांगितलं, "फसवणुकीचं असतं, फेकून दे." फेकलं. सुनावणीची तारीख गेली आणि रक्कम वाढून हजार डॉलर झाली. तेव्हाच्या भावाने घरी दोन क्विंटल कापूस विकला असता तरी इतके पैसे आले नसते. सरकारी पाकीट आलं की उघडा. त्याच दिवशी उघडा. आणि कोणाला विचारायचंच असेल तर वकिलाला विचारा, वऱ्हाडी मित्राला नाही.

तुमच्यातला एक ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागतोय, त्याच्यासाठी एवढंच. झोपायची केबिन असलेला ट्रक रात्रभर चालू ठेवला तर तासाला तीन लिटरच्या आसपास डिझेल जळतं. म्हणून लहान वेगळं इंजिन किंवा बॅटरीचा हीटर बसवतात. अशा मान्य उपकरणांवर केंद्राचा बारा टक्के अबकारी कर माफ आहे आणि त्यांच्या वजनापोटी ५५० पौंडांपर्यंत, म्हणजे अडीच क्विंटल, सूट देण्याची राज्यांना मुभा आहे. सगळी राज्यं ती सारखी देत नाहीत, ट्रक कुठून जाणार ते आधी बघ.

बर्फाचं वेगळं सांगतो, कारण इथे दंडाची नाही, जिवाची गोष्ट आहे. बर्फात अडकलेल्या गाडीची धुराची नळी मागून बुजली की धूर आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोप आल्यासारखं होतं आणि माणूस उठत नाही. आधी नळी मोकळी करा, मग चावी फिरवा. गॅरेजमध्ये तर गाडी चालू ठेवूच नका, शटर वर असलं तरी नाही.

डिक्कीत फावडं आणि जम्पर केबल ठेवा. तिथल्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक, चार जणांनी धक्का मारला तरी चालू होत नाहीत.